पॅरिटी तपासणी आव्यूहांची रचना

पॅरिटी तपासणी आव्यूह म्हणजे त्रुटिसुधारक संकेताचे नियम एकत्र मांडणारे, शून्य आणि एक या अंकांचे कोष्टक होय. आव्यूहालाच मॅट्रिक्स असेही म्हणतात. दूरध्वनी, उपग्रह, संगणकाची स्मृती अशा माध्यमांतून माहिती जाताना किंवा साठवली जाताना तिच्यातील काही अंक गोंगाटामुळे बदलतात. मूळ माहितीला काही जादा अंक जोडले, तर हे बदल ओळखता येतात आणि दुरुस्तही करता येतात. जादा अंक कोणत्या नियमाने ठरवायचे आणि आलेला संदेश कसा तपासायचा, या दोन्ही गोष्टी पॅरिटी तपासणी आव्यूहाने निश्चित होतात.

या आव्यूहातील एक हा अंक कोठे ठेवायचा, हा रचनेचा मुख्य प्रश्न आहे. अंक यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठेवता येतात किंवा एखाद्या गणिती नियमानुसार ठेवता येतात. दुसऱ्या प्रकारच्या आव्यूहाला रचनाबद्ध आव्यूह म्हणतात. वाय-फाय, उपग्रह दूरचित्रवाणी आणि पाचव्या पिढीचा मोबाइल यांत वापरले जाणारे आव्यूह रचनाबद्ध आहेत. अशा रचनांमागील गणिताचा बराचसा भाग लॅटिन चौरस, गट-रचना व सांत भूमिती यांच्या अभ्यासातून आला आहे. या विषयांत राजचंद्र बोस आणि मराठी गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचे कार्य पायाभूत मानले जाते.

मूळ कल्पना

पॅरिटी म्हणजे समविषमता. अंकांच्या एखाद्या गटात एक हा अंक सम वेळा आला आहे की विषम वेळा, एवढेच पॅरिटी सांगते. गटात एकांची संख्या सम असावी असा नियम केला आणि वाटेत गटातील एक अंक बदलला, तर संख्या विषम होते व चूक उघड होते. मात्र एका गटाच्या तपासणीवरून चूक झाली एवढेच कळते, ती कोठे झाली हे कळत नाही. एकच अंक निरनिराळ्या गटांत घातला, तर कोणकोणत्या गटांची तपासणी फसली यावरून चुकीची जागा शोधता येते.

पॅरिटी तपासणी आव्यूहात प्रत्येक ओळ एका तपासणीसाठी आणि प्रत्येक स्तंभ संदेशातील एका अंकासाठी असतो. एखादा अंक एखाद्या तपासणीत सामील असेल, तर त्या ओळीच्या व त्या स्तंभाच्या छेदावर एक लिहितात, अन्यथा शून्य. सर्व तपासण्या पूर्ण करणाऱ्या अंकमालेला संकेतशब्द म्हणतात. आव्यूहात स्तंभांची संख्या न आणि परस्परांवर अवलंबून नसलेल्या ओळींची संख्या र असेल, तर प्रत्येक संकेतशब्दात न वजा र इतके अंक मूळ माहितीचे असतात.

रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेला संकेत हे या कल्पनेचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. त्याच्या आव्यूहात तीन ओळी व सात स्तंभ असतात आणि प्रत्येक स्तंभात त्या स्तंभाचा क्रमांक द्विमान पद्धतीने लिहिलेला असतो:

० ० ० १ १ १ १
० १ १ ० ० १ १
१ ० १ ० १ ० १

समजा पाठवलेला संकेतशब्द ०११००११ आहे आणि वाटेत त्याचा सहावा अंक बदलून ०११०००१ असा संदेश पोहोचला. पहिली ओळ चौथा, पाचवा, सहावा व सातवा हे अंक तपासते. त्यांत आता एकच एक आहे, म्हणून ही तपासणी फसते. दुसरी ओळ दुसरा, तिसरा, सहावा व सातवा हे अंक तपासते. त्यांत तीन एक आहेत, म्हणून तीही फसते. तिसरी ओळ पहिला, तिसरा, पाचवा व सातवा हे अंक तपासते आणि ती जुळते. फसलेल्या तपासणीसाठी एक व जुळलेल्या तपासणीसाठी शून्य लिहिल्यास ११० ही मालिका मिळते. द्विमान पद्धतीत तिचे मूल्य सहा आहे, म्हणजे सहावा अंक चुकला आहे. या मालिकेला सिंड्रोम, म्हणजे लक्षण, असे म्हणतात. वैद्य लक्षणांवरून रोग ओळखतो, त्याच रीतीने येथे फसलेल्या तपासण्यांवरून चुकीची जागा ओळखली जाते.

हे शक्य होते याचे कारण स्तंभांची रचना हेच आहे. कोणतेही दोन स्तंभ सारखे नाहीत आणि एकही स्तंभ पूर्णपणे शून्यांचा नाही. अधिक चुका सुधारायच्या असतील, तर स्तंभांवरील अट अधिक कडक करावी लागते. दोन संकेतशब्दांत किमान ड इतक्या जागी फरक असावा असे वाटत असेल, तर आव्यूहातील कोणतेही ड वजा एक स्तंभ परस्परांपासून स्वतंत्र असावे लागतात.

शेतीचे प्रयोग आणि संकेत

स्तंभांवरील ही अट संदेशवहनाचा विचार सुरू होण्यापूर्वीच एका वेगळ्या क्षेत्रात पुढे आली होती. शेतातील वाफ्यांवर निरनिराळी बियाणी, खते व पाण्याच्या पाळ्या यांची तुलना करायची, तर प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र वाफा देणे परवडत नाही. म्हणून थोड्या वाफ्यांतून प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढता येईल अशी मांडणी शोधावी लागते. प्रयोग-आराखडा या सांख्यिकीच्या शाखेत हा प्रश्न हाताळला जातो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करणारे राजचंद्र बोस यांनी १९३९ मध्ये संतुलित अपूर्ण गट-रचना तयार करण्याच्या पद्धती मांडल्या. १९४७ मध्ये त्यांनी प्रयोग-आराखड्याचा एक प्रश्न सांत भूमितीत मांडला. दिलेल्या अवकाशात जास्तीत जास्त किती बिंदू असे निवडता येतील की त्यांपैकी ठरावीक संख्येचे कोणतेही बिंदू परस्परांवर अवलंबून नसतील, असा तो प्रश्न होता. बिंदूंच्या जागी स्तंभ घातले की हाच पॅरिटी तपासणी आव्यूहाचा प्रश्न होतो.

१९४९ मध्ये बोस अमेरिकेत चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्यासह १९६० मध्ये अनेक चुका सुधारणाऱ्या संकेतांचा एक मोठा वर्ग प्रसिद्ध केला. फ्रान्समधील ओकँगेम यांनी तो १९५९ मध्ये स्वतंत्रपणे शोधला होता. तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्यास बीसीएच संकेत म्हणतात. यातील तपासणी आव्यूहाच्या ओळी सांत क्षेत्रातील एका घटकाच्या क्रमवार घातांनी बनतात. उदाहरणार्थ, या वर्गातील पंधरा अंकांच्या एका संकेतशब्दात सात अंक माहितीचे व आठ तपासणीचे असतात आणि कोणत्याही दोन चुका सुधारता येतात.

विरळ आव्यूह

बीसीएच संकेतांच्या आव्यूहात एकांची संख्या मोठी असते. एमआयटीमधील रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या प्रबंधात वेगळा मार्ग सुचवला. आव्यूह खूप मोठा घ्यावा, पण त्यात एक अगदी थोडे ठेवावेत, असा तो मार्ग होता. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात पंधरा ओळी व वीस स्तंभ आहेत. प्रत्येक ओळीत चार व प्रत्येक स्तंभात तीन एक आहेत. अशा संकेतांना विरळ पॅरिटी तपासणी संकेत म्हणतात. एलडीपीसी या संक्षिप्त नावाने ते अधिक ओळखले जातात.

विरळपणाचा लाभ विसंकेतनात, म्हणजे आलेल्या संदेशातून मूळ शब्द शोधण्याच्या क्रियेत होतो. प्रत्येक तपासणी आपल्या गटातील प्रत्येक अंकाला तो किती विश्वसनीय वाटतो हे कळवते. प्रत्येक अंक आपल्याकडे आलेली मते एकत्र करून स्वतःविषयीचा अंदाज सुधारतो आणि तो पुन्हा तपासण्यांना कळवतो. काही फेऱ्यांनंतर बहुतेक चुका सुधारतात. प्रत्येक गट लहान असल्याने एका फेरीचे काम थोडे असते. त्या काळच्या यंत्रांना मात्र हे कामही झेपणारे नव्हते आणि गॅलगर यांची कल्पना बराच काळ मागे पडली. १९८१ मध्ये मायकेल टॅनर यांनी अशा संकेतांचे आलेखाच्या साहाय्याने विवेचन केले. १९९३ मध्ये टर्बो संकेत पुढे आल्यावर मते-देवघेवीच्या विसंकेतनाकडे लक्ष वेधले गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास डेव्हिड मॅके व रॅडफर्ड नील यांनी विरळ संकेतांचे सामर्थ्य पुन्हा दाखवून दिले.

चतुष्कोन टाळण्याची अट

टॅनर आलेखात एका बाजूस अंक व दुसऱ्या बाजूस तपासण्या मांडतात. आव्यूहात जेथे एक असेल तेथे त्या दोहोंना रेषेने जोडतात. या रेषांवरून चालत निघाल्यास काही वेळा निघाल्या जागी परत येता येते. अशा बंद वाटेला चक्र म्हणतात. सर्वांत लहान चक्र चार रेषांचे असते. आव्यूहातील दोन ओळी व दोन स्तंभ यांच्या चारही छेदांवर एक असेल, तर असे चक्र तयार होते. कागदावर पाहिल्यास चार एक एका चतुष्कोनाच्या कोपऱ्यांवर बसलेले दिसतात.

लहान चक्र घातक असते. एका अंकाने दिलेला अंदाज दोनच टप्प्यांत फिरून त्याच अंकाकडे परत येतो आणि तो त्याला दुसऱ्याचे स्वतंत्र मत समजतो. आपणच उठवलेली वावडी गावभर फिरून आपल्याच कानी यावी आणि ती खरी वाटू लागावी, तसे हे होते. म्हणून आव्यूहाच्या रचनेची पहिली अट अशी: कोणतेही दोन स्तंभ एकाहून अधिक ओळींत एकत्र येऊ नयेत.

लाखो चौकटींच्या आव्यूहात अंक यादृच्छिकपणे टाकल्यास ही अट आपोआप पाळली जात नाही, चतुष्कोन शोधून काढून टाकावे लागतात. त्याहून मोठी अडचण यंत्राची असते. प्रत्येक एकाची जागा साठवावी लागते आणि जागांत काहीही क्रम नसल्यास तारांचे जाळे व स्मृतीचा वापर यांना शिस्त राहत नाही. यादृच्छिक आणि असमान वजनाच्या स्तंभांचे संकेत सिद्धांततः अत्यंत प्रभावी असतात. चुंग, फॉर्नी, रिचर्डसन व अर्बँके यांनी २००१ मध्ये असा संकेत-समूह दाखवला की त्याची गणिताने काढलेली मर्यादा क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सीमेपासून केवळ ०.००४५ डेसिबल दूर होती. मात्र प्रत्यक्ष चाचणीसाठी त्यांनी वापरलेला संकेतशब्द एक कोटी अंकांचा होता. हातातील यंत्रासाठी लहान, शिस्तबद्ध आणि तरीही प्रभावी आव्यूह हवा असतो. रचनाबद्ध आव्यूहांचा प्रश्न येथे सुरू होतो.

लॅटिन चौरसांवर आधारित रचना

न ओळी व न स्तंभ असलेल्या चौरसात न चिन्हे अशी भरली की प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते, तर त्यास लॅटिन चौरस म्हणतात. पूर्ण सोडवलेले सुडोकू हा नऊ कोटीचा लॅटिन चौरसच असतो. दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच आली, तर ते परस्परलंबी होत. तीन कोटीचे असे दोन चौरस पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला चौरस:

१ २ ३
२ ३ १
३ १ २

दुसरा चौरस:

१ २ ३
३ १ २
२ ३ १

आता माहितीचे नऊ अंक तीन गुणिले तीनच्या चौकटींत मांडले असे समजू. त्यांच्यावर चार प्रकारच्या तपासण्या ठेवता येतात. तीन तपासण्या ओळींच्या, तीन स्तंभांच्या, तीन पहिल्या चौरसात समान चिन्ह असलेल्या चौकटींच्या आणि तीन दुसऱ्या चौरसात समान चिन्ह असलेल्या चौकटींच्या. प्रत्येक तपासणीसाठी एक जादा अंक, असे बारा अंक जोडले जातात. माहितीचा प्रत्येक अंक चार तपासण्यांत असतो. चौरस परस्परलंबी असल्यामुळे कोणतेही दोन अंक एकाहून अधिक तपासण्यांत एकत्र येत नाहीत. चतुष्कोन टाळण्याची अट आणि परस्परलंबी असण्याची अट येथे एकच ठरतात.

अशा संकेताचे विसंकेतन बहुमताने होते. प्रत्येक अंकाविषयी पाच मते असतात: एक त्याचे स्वतःचे आलेले मूल्य आणि चार त्याच्या चार तपासण्यांतून निघणारी मूल्ये. एकूण दोन चुका झाल्या, तर प्रत्येक चूक पाचपैकी फार तर एक मत बिघडवू शकते. तीन मते खरी राहतात आणि बहुमत योग्य बाजूस जाते. हसियाओ, बॉसन व चिएन यांनी १९७० मध्ये संगणकाच्या स्मृतीसाठी या प्रकारचे संकेत मांडले. त्यांना परस्परलंबी लॅटिन चौरस संकेत म्हणतात. म कोटीच्या चौरसांवरून माहितीचे म वर्ग इतके अंक मिळतात. दोन चुका सुधारण्यासाठी तपासणीचे चार म इतके अंक व चौरसांची एक परस्परलंबी जोडी लागते.

अशी जोडी प्रत्येक कोटीसाठी मिळते काय, हा प्रश्न जुना आहे. लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये सहा पलटणींतील सहा हुद्द्यांच्या छत्तीस अधिकाऱ्यांच्या कोड्यातून तो मांडला. चारने भागल्यास बाकी दोन उरते अशा ६, १०, १४, १८ इत्यादी कोटींसाठी परस्परलंबी जोडी असणार नाही, असा त्यांचा तर्क होता. गॅस्तों तारी यांनी १९०१ पर्यंत सर्व शक्यता तपासून सहा कोटीसाठी तो खरा ठरवला. मात्र १९५९ मध्ये बोस व श्रीखंडे यांनी २२ कोटीची आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १० कोटीची जोडी तयार केली. त्यानंतर तिघांनी मिळून सहाच्या पुढील अशा सर्व कोटींसाठी ऑयलर यांचा तर्क चुकीचा असल्याचे सिद्ध केले. २६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. तिघांना 'ऑयलर्स स्पॉइलर्स' असे टोपणनाव मिळाले.

या निष्कर्षाचा तपासणी आव्यूहाशी थेट संबंध आहे. छत्तीस अंकांसाठी वरील पद्धतीने दोन चुका सुधारणारा संकेत तयार करता येत नाही, कारण सहा कोटीची परस्परलंबी जोडीच नाही. शंभर अंकांसाठी मात्र दहा कोटीच्या जोडीवरून चाळीस तपासणी अंकांचा असा संकेत तयार होतो. संगणकात दोनाच्या घाताइतक्या कोटींचे चौरस अधिक सोयीचे असल्याने व्यवहारात त्यांचाच वापर होतो. तरीही कोणती रचना शक्य आहे आणि कोणती नाही, ही सीमारेषा या निष्कर्षाने स्पष्ट केली.

श्रीखंडे यांचे कार्य

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी मध्य प्रदेशातील सागर येथे झाला. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले. १९५० मध्ये त्यांनी चॅपल हिल येथे बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. पदवी मिळवली. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि मुंबई विद्यापीठातील गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. २१ एप्रिल २०२० रोजी वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सोळा शिरोबिंदू व अठ्ठेचाळीस कडा असलेला एक आलेख 'श्रीखंडे आलेख' म्हणून जगभर ओळखला जातो.

संकेतशास्त्रातही त्यांचे थेट लेखन आहे. १९५९ मध्येच बोस व श्रीखंडे यांनी संकेतांच्या बांधणीविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हॅडामार्ड आव्यूह आणि संतुलित गट-रचना यांच्यावरून एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर असलेले संकेतशब्द कसे मिळतात, याचे विवेचन त्यात आहे. हॅडामार्ड आव्यूहांशी निगडित असाच एक संकेत मरिनर ९ या यानाने १९७१ पासून मंगळाची छायाचित्रे पाठवण्यासाठी वापरला. त्यात माहितीच्या सहा अंकांसाठी बत्तीस अंक पाठवले जात आणि सात चुकांपर्यंत सुधारणा होत असे.

भूमिती व गट-रचना

सांत भूमितीत बिंदू व रेषा मोजक्या असतात. सर्वांत लहान प्रक्षेपी प्रतलात सात बिंदू व सात रेषा आहेत. प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा आणि कोणत्याही दोन रेषांचा नेमका एक समाईक बिंदू. याला फानो प्रतल म्हणतात. रेषांना ओळी व बिंदूंना स्तंभ मानल्यास पुढील आव्यूह मिळतो:

१ १ ० १ ० ० ०
० १ १ ० १ ० ०
० ० १ १ ० १ ०
० ० ० १ १ ० १
१ ० ० ० १ १ ०
० १ ० ० ० १ १
१ ० १ ० ० ० १

यातील प्रत्येक ओळ ही वरच्या ओळीला एक घर उजवीकडे सरकवून मिळते. म्हणजे संपूर्ण आव्यूह साठवण्यासाठी पहिली ओळ पुरेशी आहे. ००१०१११ हा या संकेताचा एक संकेतशब्द आहे. त्याचा पाचवा अंक बदलून ००१००११ असा संदेश आला असे मानू. दुसरी, चौथी व पाचवी या तीन तपासण्या फसतात. पाचवा अंक याच तीन तपासण्यांत आहे, म्हणजे त्याच्याविरुद्ध तीनपैकी तीन तक्रारी आहेत. अन्य प्रत्येक अंकाविरुद्ध तीनपैकी एकच तक्रार आहे. दोषी अंक लगेच वेगळा पडतो, कारण कोणतेही दोन बिंदू एकाच रेषेवर एकत्र येतात. या सात ओळींपैकी चारच परस्परांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून माहितीचे अंक तीन राहतात. उरलेल्या तीन ओळी नवी अट घालत नाहीत, पण विसंकेतनात त्यांचे मत उपयोगी पडते.

कू, लिन व फोसोरिए यांनी २००१ मध्ये मोठ्या सांत भूमितींवरून विरळ संकेत बनवण्याची पद्धत मांडली. त्यानंतर संतुलित अपूर्ण गट-रचनांचाही वापर सुरू झाला आणि बोस यांच्या १९३९ च्या रचना या कामी पुन्हा उपयोगात आल्या. उदाहरणार्थ, तेरा वस्तूंचे तीन-तीनचे सव्वीस गट असे पाडता येतात की वस्तूंची प्रत्येक जोडी नेमक्या एका गटात येते. वस्तूंना ओळी व गटांना स्तंभ मानल्यास तेरा ओळी व सव्वीस स्तंभांचा, चतुष्कोनरहित आव्यूह तयार होतो.

अर्ध-चक्रीय रचना

प्रत्यक्ष यंत्रांत सर्वाधिक वापर अर्ध-चक्रीय रचनेचा होतो. यात मोठा आव्यूह समान आकाराच्या लहान चौरस तुकड्यांचा बनलेला असतो. प्रत्येक तुकडा एक तर पूर्ण शून्यांचा असतो किंवा एकक आव्यूहाला काही घरे चक्राकार सरकवून मिळवलेला असतो. तुकडा किती घरे सरकवला हे सांगणारी एकच संख्या साठवावी लागते. विणकामात लहान नक्षी ठरावीक अंतराने सरकवत मोठा पदर भरतात, तशीच ही पद्धत आहे.

एक सोपी रचना अशी. सात गुणिले सातचे तुकडे घ्यावेत. तुकड्यांच्या ओळींना ०, १, २ व स्तंभांना ० ते ६ असे क्रमांक द्यावेत. प्रत्येक तुकडा त्याच्या ओळीच्या व स्तंभाच्या क्रमांकांच्या गुणाकाराइतका सरकवावा आणि सातने भागून उरलेली बाकी घ्यावी:

० ० ० ० ० ० ०
० १ २ ३ ४ ५ ६
० २ ४ ६ १ ३ ५

या एकवीस संख्यांवरून एकवीस ओळी व एकोणपन्नास स्तंभांचा आव्यूह तयार होतो. दोन ओळी व दोन स्तंभ निवडले असता चतुष्कोन तयार होण्यासाठी ओळींच्या क्रमांकांतील फरक आणि स्तंभांच्या क्रमांकांतील फरक यांच्या गुणाकारास सातने निःशेष भाग जावा लागतो. सात ही मूळ संख्या असल्याने आणि दोन्ही फरक सातहून लहान व शून्येतर असल्याने तसे होऊ शकत नाही. ही मांडणी प्रत्यक्षात सात कोटीच्या परस्परलंबी लॅटिन चौरसांचेच दुसरे रूप आहे.

तपासणीबरोबरच संकेतनाची, म्हणजे जादा अंक काढण्याची सोयही पाहावी लागते. त्यासाठी आव्यूहाच्या उजव्या भागात दोन लगतच्या कर्णांवर एकक तुकडे ठेवतात. त्यामुळे एक जादा अंकगट कळला की पुढचा केवळ बेरजेने मिळतो आणि संपूर्ण आव्यूहाचा व्यस्त काढावा लागत नाही.

मर्यादा

नियमबद्धता काही वेळा दोषाचेही कारण ठरते. एकही तुकडा शून्य नसलेल्या अर्ध-चक्रीय रचनेत, सरकवण्याच्या संख्या कशाही निवडल्या तरी, सर्वांत लहान चक्र बारा रेषांहून मोठे करता येत नाही. तसेच प्रत्येक स्तंभात तीन एक असल्यास दोन संकेतशब्दांतील किमान अंतर चोवीसहून अधिक होत नाही, मग आव्यूह कितीही मोठा असो.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. गोंगाट कमी होत जातो तसे चुकांचे प्रमाण वेगाने घटते, पण एका पातळीनंतर ही घट मंदावते. या पातळीला त्रुटीचा तळ म्हणतात. अंकांच्या काही लहान टोळ्या अशा असतात की त्या एकदा चुकल्या, तर थोड्याच तपासण्या फसतात आणि विसंकेतन तेथेच अडकते. मार्ग्युलिस यांच्या बीजगणिती आलेखांवर आधारित संकेतांत लहान चक्रे टाळली होती. तरीही मॅके व पॉस्टल यांनी २००३ मध्ये त्यांत अशा घातक टोळ्या दाखवल्या आणि त्याच घराण्यातील रामानुजन आलेखांवरील संकेतांत किमान अंतर कमी असल्याचे निदर्शनास आणले. नियमबद्ध आव्यूहात अशी एक टोळी असेल, तर नियमाच्या पुनरावृत्तीने तिच्या अनेक प्रती निर्माण होतात. म्हणून आधुनिक रचनेत मूळ सांगाडा नियमाने ठरवतात आणि सरकवण्याच्या संख्या संगणकाने शोधून, टोळ्या तपासून निवडतात.

उपयोग

वाय-फायच्या २००९ च्या ८०२.११एन या मानकात विरळ संकेतांचा ऐच्छिक समावेश झाला. त्यात ६४८, १२९६ व १९४४ अंकांचे संकेतशब्द आहेत. निम्मे अंक माहितीचे असलेल्या सर्वांत मोठ्या संकेताच्या आव्यूहात ९७२ ओळी व १९४४ स्तंभ, म्हणजे १८,८९,५६८ चौकटी असतात. पण तुकडे ८१ गुणिले ८१ चे असल्याने त्याचे संपूर्ण वर्णन बारा ओळी व चोवीस स्तंभांच्या कोष्टकात मावते.

डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या मानकात संकेतशब्द ६४,८०० किंवा १६,२०० अंकांचे आहेत. येथे विरळ संकेताच्या बाहेरून बीसीएच संकेताचे आणखी एक आवरण असते. विरळ संकेताच्या तळाशी उरलेल्या थोड्या चुका ते दूर करते.

अंतराळ संदेशवहनासाठी शिफारस झालेल्या एका संकेताचा आव्यूह सांत भूमितीवर आधारित आहे. त्यात ५११ गुणिले ५११ चे चक्रीय तुकडे दोन ओळींत व सोळा स्तंभांत मांडलेले असून एकूण १०२२ ओळी व ८१७६ स्तंभ होतात. प्रत्येक ओळीत बत्तीस व प्रत्येक स्तंभात चार एक असतात.

पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेचे भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी उद्घाटन झाले. या पिढीच्या मानकात माहिती वाहून नेणाऱ्या वाहिन्यांसाठी दोन मूळ सांगाडे ठरवले आहेत. मोठ्या सांगाड्यात ४६ ओळी व ६८ स्तंभ, तर लहान सांगाड्यात ४२ ओळी व ५२ स्तंभ आहेत. तुकड्याचा आकार गरजेनुसार बदलता येतो आणि तो जास्तीत जास्त ३८४ असतो. त्या आकारास मोठ्या सांगाड्यावरून माहितीचे ८४४८ अंक एका वेळी संकेतबद्ध होतात.

हे सुद्धा पहा

शरदचंद्र शंकर श्रीखंडे
राजचंद्र बोस
हॅमिंग संकेत
लॅटिन चौरस
फानो प्रतल
सुडोकू
आव्यूह
माहिती सिद्धांत